अळणी, तवंग आणि रस्सा

पालघरच्या पाड्यांवर गावठी कोंबडी चुलीवर चढते तेव्हा एका टोपातून तीन वस्तू निघतात. हळद, आलं-लसूण आणि बेताचं मीठ घालून शिजवलेल्या कोंबडीचं पाणी, ते अळणी. त्यावर पिवळा तवंग जमतो, ते कोंबडीच्या अंगचं तेल. आणि त्याच पाण्यात भाजलेलं वाटण आणि मसाला पडला की रस्सा. त्याच जिल्ह्यातल्या बोईसरच्या हॉटेलांत यातल्या पहिल्याला स्टॉक म्हणतात आणि दुसरी वस्तू बहुधा मिळतच नाही. तिन्हींचं कूळ मात्र फार जुनं आहे आणि ते आपल्या वैद्यकात सापडतं.

सुश्रुतसंहितेत रसांचे आणि सारांचे दोन प्रकार सांगितले आहेत. स्नेह, मीठ आणि तिखट द्रव्यं न घालता केलेला तो ‘अकृत’ आणि ती घालून केलेला तो ‘कृत’. अळणीत बेताचं मीठ पडतं, तरी अळणी आणि रस्सा यांच्यातला फरक साधारण हाच. शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या उपचारांनंतर, रोग्याला हळूहळू जेवणावर आणताना आधी पेज, मग कढण, मग अकृत मांसरस आणि शेवटी कृत, असा क्रम आयुर्वेदाने घालून दिला आहे. आजही तापातून उठलेल्या पोराला किंवा बाळंतिणीला आधी वाटीभर अळणी देतात आणि तिखट रस्सा चार दिवसांनी. पोथी न वाचलेल्या घरांतही हा क्रम पाळला जातो, याचं मला फार मोल वाटतं.

चरकाने कोंबडीचं मांस स्निग्ध, उष्ण आणि बल देणारं मानलं. स्नेह चार सांगितले: तूप, तेल, वसा आणि मज्जा. वसा म्हणजे मांसातली चरबी, मज्जा म्हणजे हाडातली. मनुस्मृतीने मात्र गावातला कोंबडा द्विजांना निषिद्ध ठरवला. वैद्याने औषध म्हणून सांगायची आणि धर्मशास्त्राने नाकारायची, अशी या पक्ष्याची आपल्याकडे ओढाताण झाली. कितीतरी मराठी घरांत कोंबडीची चूल परसात आणि भांडी वेगळी असत, त्यात या ओढाताणीचाही वाटा असावा. पालघरच्या वारली, कोकणा, मल्हार कोळी घरांना ही अडचण कधीच नव्हती. तिथे कोंबडी अंगणातली, आणि देवाला चालणारीही.

देवाला दिलेली कोंबडी एक आणि खाणारी तोंडं वीस, असा हिशेब असला की मांस पुरत नाही, पाणी पुरतं. म्हणून पातळ रस्सा आणि टोपभर भात. रस्सा पातळ ठेवण्यामागे ही वाटून खाण्याची गरज आहे. त्याला कमीपणा मानणं मला पटत नाही. पाणी वाढवूनही चव टिकते, कारण अंगणात हिंडलेली कोंबडी निबर असते आणि मंद आचेवर बराच वेळ राहते. तेवढ्या वेळात कातडी, सांधे आणि पाय यांतलं कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि पाण्याला अंग येतं. असं अळणी फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी खाली थरथरणारी जेली आणि वर चरबीचा पिवळा थर दिसतो. खळखळा उकळलं तर तीच चरबी पाण्यात फुटून मिसळते आणि अळणी गढूळ होतं. जाणती बाई म्हणूनच आच वाढू देत नाही.

तवंगाची गोष्ट वेगळी. रश्श्यावरच्या लाल तर्रीचा रंग मिरचीचा, पण तो धरून ठेवतं तेल, कारण मिरचीचं रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी तवंगातली ही कोंबडीची चरबी कांद्याबरोबर कढवून बरणीत भरून ठेवली. तिला ते श्मॉल्ट्झ म्हणतात. धर्माप्रमाणे मांसाबरोबर लोणी चालत नाही आणि त्या थंड मुलखात ऑलिव्हचं तेल सहज मिळेना, म्हणून कोंबडीची आणि हंसाची चरबी कामी आली. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना तो नियम होताच, पण ते तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’; शिवाय नारळ हाताशी. बरणीभर चरबी साठवायची वेळ आपल्या किनाऱ्यावर कोणावर आली नाही. इथे ती टोपातच राहिली.

हे सगळं बदललं ते दोन वस्तूंनी. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या काळात ब्रॉयलर गावोगाव पोचला. सहा-सात आठवड्यांच्या आतच कापला जाणारा हा पक्षी पटकन शिजतो, त्यामुळे अळणी मुरायला वेळच मिळत नाही. दुकानात पाहा: दुकानदार पिसं उपटत बसत नाही, कातडीसकट एका ओढीत सोलतो. त्या ओढीबरोबर अंगचं बरंचसं तेल आणि कोलॅजेन कचऱ्याच्या डब्यात जातं.

दुसरी वस्तू चिकन क्यूब. युलियुस मॅगीने स्वित्झर्लंडमध्ये आपली क्यूब 1908 साली बाजारात आणली. त्याच वर्षी जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं. आजच्या बहुतेक क्यूबमध्ये या दोन शोधांची सांगड असते. वेष्टनावरचे घटक वाचा: मीठ बहुधा सर्वांत आधी, मग चव वाढवणारी द्रव्यं आणि पाम तेल, कोंबडी अगदी थोडी. बोईसरचंच पाहा: 1969 साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, शेजारी एमआयडीसी वाढली, देशभरातून माणसं बोईसरला आली आणि हॉटेलं उघडली. त्यांच्या मंचाव सुपाचा दाटपणा कॉर्नफ्लोअरचा असतो, हाडांचा नसतो. पाळीवरून दमून आलेल्या माणसाला ते गरम सूप बरं वाटतं, यात शंका नाही. पण आजाऱ्याला अळणी म्हणून क्यूबचं खारट पाणी देऊ नये, हे मी ठामपणे सांगेन.

पुढच्या वेळी दुकानात मान, पाय आणि पाठीची हाडं मागून घ्या. ती स्वस्तात मिळतात. पाय नीट भाजून सोला, दीड-दोन लिटर पाणी, हळद, आलं-लसूण घाला आणि दोन तास मंद आचेवर ठेवा. आधी वाटीभर अळणी घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना द्या. रस्सा त्यानंतर करा.