मोरोपंतांचे वर्ष व माझे वर्ष

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या मनुष्यास वर्षाअखेर दोन वह्या उघडाव्या लागतात. एक जमाखर्चाची व दुसरी मनाची. पहिलीची बेरीज तासाभरात होते. दुसरीची मात्र काही केल्या जुळत नाही. गेल्या वर्षी बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासावर एक लहानसे पुस्तक मी लिहिले, कोणा प्रकाशकाची वाट न पाहता स्वतःच छापविले, आणि गठ्ठे बांधून स्वतःच विकावयास निघालो. त्या उद्योगाचे रडगाणे गाण्याचा येथे विचार नाही. परंतु ज्या बारामतीत बसून मी लिहीत होतो, तेथेच अडीचशे वर्षांपूर्वी एक ग्रंथकार छापखान्याचा कसलाही आधार नसता चाळीस वर्षे लिहीत होता, आणि त्याचे लिहिलेले महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोचत होते. हे कसे घडले असावे, हा प्रश्न वर्षभर माझी पाठ सोडीना.

मोरोपंत पराडकर हे मूळचे बारामतीचे नव्हत. घराणे राजापूर प्रांतातील सौंदळचे. जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला, आणि अध्ययनही तेथेच केशव पाध्ये व गणेश पाध्ये यांजपाशी झाले. वडील रामाजीपंत बारामतीकर नाइकांच्या सेवेत आले, व पंचविशीच्या आतबाहेर असता पंतही त्यांच्यामागून कऱ्हेकाठी येऊन राहिले. नाईक हे त्या काळचे मातबर सावकार. त्यांच्या घरातील आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावाचे मेहुणे होत. १७४० साली बाजीराव वारल्यावर पेशवाईची वस्त्रे बाबूजी नाइकांस मिळावीत म्हणून रघूजी भोसल्यांनी खटपटही केली; ती सिद्धीस गेली नाही व वस्त्रे नानासाहेबास मिळाली. राजकारणाच्या दृष्टीने नाइकांचा हा पराभव खरा. परंतु बारामतीचे त्यात भाग्यच म्हणावयाचे. बाबूजी पुण्यास जाऊन पेशवे झाले असते, तर त्यांच्या पदरचा कवी कऱ्हेकाठी कशास राहता?

पंतांची एकंदर रचना पाऊण लाख पद्यांच्या घरात जाते असे मानितात. यात सुमारे सतरा हजार आर्यांचे महाभारत आहे; कृष्णविजय, हरिवंश व मंत्रभागवत आहे; एकशे आठ रामायणांचा संकल्प आहे; आणि अखेरीस स्वतःच्या मयूर या नावावर श्लेष साधून मोराचा टाहो म्हणून देवापुढे घातलेली ‘केकावली’ आहे. बारामतीतील चाळीस-बेचाळीस वर्षांनी या पाऊण लाखास भागून पाहिले, तर वर्षाकाठी सतराअठराशे पद्ये पडतात. म्हणजे सण, सुतक, आजार, यात्रा, काही न वगळता दिवसाला चार-पाच! मी हा हिशेब एका रात्री मांडला, आणि वर्षभरात आपण लिहिलेली दीडशे पाने पुढे घेऊन पुष्कळ वेळ गप्प बसलो.

हा हिशेब करिताना काळ कोणता होता हेही लक्षात घ्यावे. १७६१ ला पानिपत झाले. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे जाळले. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला, त्यापाठोपाठ बारभाईंचे कारस्थान आणि इंग्रजांशी युद्ध. १७८२ चा सालबाईचा तह होईतो या प्रांतात निश्चिंतपणा असा नव्हताच. बारामती पुण्यापासून दोन-तीन मजलांवर. घोड्यावरून निघालेली वार्ता येथे त्वरित येऊन थडकत असली पाहिजे. त्या सर्व गडबडीत पंतांची लेखणी कुरुक्षेत्रावर चालली होती. काही टीकाकारांनी याचा त्यांस दोष दिला आहे. ओठ न मिटता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण, त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे क्रमाने गुंफलेले मंत्ररामायण, मागील पद्याच्या अखेरीच्या शब्दांनी पुढले पद्य उचलणारे दामरामायण, असल्या रचना म्हणजे निव्वळ कसरत, असा तो आक्षेप. तो अगदीच खोटा नाही. एकामागून एक दहा रामायणे वाचू गेल्यास मलाही दम लागतो. तथापि रोज लिहिण्याचे ज्याने व्रत घेतले आहे, त्यास असली बंधने हात चालता ठेवण्यासाठी लागत असतील, अशी शंका या वर्षात माझ्या मनात आली. ज्या दिवशी सुचत नाही त्या दिवशी नियम तरी हाताशी असतो.

पंत स्वतंत्र ग्रंथकार होते काय? नाइकांच्या वाड्यात पुराण सांगणे हा त्यांचा चरितार्थ होता. माझ्या समजुतीप्रमाणे वेतन होते ते पुराणाचे. आर्या हा त्यांचा आपला उद्योग. एका आर्येवरही त्यांस कोणी मानधन दिले नाही, व कोणी प्रतीची किंमत विचारली नाही. पोटाची सोय एकीकडे व लेखनाची खटपट दुसरीकडे, ही वाटणी आजच्या लेखकास चांगलीच परिचयाची आहे. भेद आहे तो पुढल्या टप्प्यावर. लिहून झाले, आता ते लोकांपर्यंत न्यावयाचे कोणी? माझे सर्व वर्ष या एका प्रश्नात गेले. पंतांस तो बहुधा पडलाच नाही, कारण त्यांच्या वेळी तो भार वाहणारे दोन वर्ग तयार होते: पोथ्या उतरणारे, आणि हरिदास.

पोथी उतरणाऱ्यास त्या काळी ‘लेखक’ हाच शब्द होता. रचणारा तो कवी किंवा ग्रंथकार, व हाताने लिहून काढणारा तो लेखक. बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ या मापाने त्याचे काम मोजीत. बोरू, काजळाची शाई, आणि चुकलेल्या अक्षरावर फासावयास हरताळ, एवढी त्याची सामग्री. पोथी संपली म्हणजे शेवटी तो हात जोडून सांगे की पुढे होते तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष मजकडे नाही. तेल, पाणी व ढिले बंधन यांपासून मात्र ग्रंथ जपावा. या पुस्तकाच्या निमित्ताने मला त्या अनामिक लेखकांचा फार हेवा वाटला. माझा मजकूर एका टंकातून दुसऱ्या टंकात नेताना छापखान्यात काही गोंधळ झाला, आणि एका संपूर्ण प्रकरणातील रफार आपले अक्षर सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसले. चूक ध्यानात आली तेव्हा सर्व प्रती बांधून तयार होत्या. पोथीवाल्याची चूक एका प्रतीत राहते, व तीवर हरताळ चालतो. छापलेली चूक सर्व प्रतींत एकदम जन्मास येते. अखेर शुद्धिपत्राचे चिटोरे छापून ते एकेका प्रतीत हाताने चिकटविले. त्या कामी घरातील सर्वांनी तीन रात्री जागून काढल्या.

दुसरा वर्ग हरिदासांचा. पंतांच्या बहुतेक आर्या गीती जातीच्या आहेत; प्रत्येक अर्धात तीस मात्रा, शेवटी ठसठशीत यमक, आणि दोन ओळींत एक प्रसंग किंवा एक तोडीस तोड उत्तर पुरे केलेले. कीर्तनकारास याहून सोयीचे काय असणार? आख्यान रंगात आले असता मधूनच एक आर्या फेकावी, तिचा अर्थ फोडावा, व श्रोत्यांनी माना डोलवाव्या. संपूर्ण आर्याभारत ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिले नाही, अशा सहस्रावधी माणसांस त्यातील आर्या मुखोद्गत होत्या, त्या या वाटेने. सोलापूरचे रामजोशी हे लावण्यांचे शाहीर. तेच पुढे पंतांच्या आर्या घेऊन कीर्तने करू लागले. तमाशाच्या फडावर बसलेला आवाज देवळात आर्या म्हणू लागतो, तेव्हा त्या ग्रंथास आणखी कोणता वितरक हवा? ‘प्रसिद्ध करणे’ या शब्दाचा मूळ अर्थ मला येथे उमगला. आपण तो छापण्यास लावितो. पंतांच्या काळी प्रसिद्धी म्हणजे लोकांच्या तोंडी होणे.

चैत्री पौर्णिमेस १७९४ साली पंत वारले. त्याच सुमारास पुण्यास इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने एका तांबटास तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची विद्या शिकविली जात होती. तिच्यातून पुढे १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या पदरी गीता छापली गेली. पंतांस छापखान्याने एवढ्या थोडक्या अंतराने हुकविले. पुढे मात्र त्याने त्यांस उचलून धरिले. परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हाती पंत आले. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंग यांनी ‘केकावली’वर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली. १८७८ मध्ये मोडक व साने यांचा ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला, १८९० मध्ये निर्णयसागराने ‘काव्यसंग्रह’ काढावयास आरंभ केला, १९०८ मध्ये पांगारकरांचा मोरोपंतांवरील ग्रंथ आला, व पुढे रा. द. पराडकर यांनी पंतांचे ग्रंथ संपादून छापले. 

यांत एका मनुष्यापाशी मला थांबावेसे वाटते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढिली व सात वर्षे, चौऱ्यांशी अंक, जवळजवळ एकहाती लिहिली. मोरोपंतांच्या कवितेवरील त्यांचा लांबलचक निबंध त्या मालेतच आहे. पहिली पाच वर्षे ते सरकारी शाळेत शिकवीत होते. १८७९ मध्ये ती नोकरी त्यांनी सोडिली. दरमहा लिहावे, छापवावे, वर्गणीदारांस पाठवावे, व पुन्हा कोऱ्या कागदापुढे बसावे, हा क्रम तोवर चाकरी सांभाळून चालला होता. पंतांस नाइकांचा वाडा होता; शास्त्रीबुवांस वर्गणीदार होते. १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ते गेले. असो.

आता इंदापूरचे सांगतो. तुकोबांची पालखी देहूहून पंढरीस जाताना बारामतीस मुक्काम करिते व पुढे इंदापुरावरून जाते. त्या दिवसांत मी पुस्तकांचा एक गठ्ठा घेऊन इंदापुरात एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. पुस्तकात मालोजीराजांची गढी आहे; गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून याच तालुक्यात जमिनीची पाहणी करून तीस वर्षांचा सारा कसा बांधून दिला, व मुंबई इलाख्यातील पुढल्या पाहण्यांस तोच कित्ता कसा झाला, याचे एक प्रकरण आहे. माझ्या मते तेच पुस्तकाचे सार. पण प्रत हाती घेणारा प्रत्येक मनुष्य ते प्रकरण ओलांडून शेवटच्या सूचीकडे वळे व एकच प्रश्न करी, “आमच्या गावाचं नाव कुठल्या पानावर?” सापडले तर घेई, नाही तर प्रत अदबीने ठेवून चालू लागे. पाऊण लाख पद्ये लिहिणाऱ्या पंतांस हा प्रश्न कोणी विचारला नसेल. कुरुक्षेत्र हे प्रत्येकाचेच गाव होते.

दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांचे गाव उजनीच्या पाण्याखाली गेलेले. भीमेवरील ते धरण १९८० मध्ये पुरे झाले, आणि काठची कित्येक गावे उठून वरच्या माळावर बसली. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ वर येते, ते पाहावयास लोक जातात. या गृहस्थांच्या गावावर मी दीड पान लिहिले होते. चष्मा आणला नव्हता म्हणून ते म्हणाले, “वाचून दाखवा की.” मी वाचू लागलो. पायरीवर आणखी चार-पाच माणसे टेकली. वेस, पार, चावडी, घाट असे वर्णन मी कागदपत्रांवरून व काही ऐकीव माहितीवरून रचिले होते. घाटाच्या वाक्याशी त्यांनी हात वर केला.

“घाट पाराच्या म्होरं न्हवता. पाराच्या मागं हुता. पोरं पारावरनं उड्या टाकायची म्हणता, तर पाण्यात कशी पडतील? धोंड्यावर पडतील!”

सर्व हसले. मी पेन काढून त्या प्रतीत ‘पुढे’ खोडून ‘मागे’ केले. मग त्यांनी पाराजवळची घरे सांगितली, कोणाची कोणती, व दोन पायऱ्या कोणत्या पुरात खचल्या तेही सांगितले. मी समासात लिहीत गेलो. समास भरला तेव्हा शुद्धिपत्राच्या चिटोऱ्याच्या पाठीवर लिहिले. तासाभराने टाळांचा आवाज जवळ आला तसे ते उठले. प्रत घ्या म्हणून मी पुढे केली, तर म्हणाले, “ही नगं, ही तुम्हास्नी लागंल. ती कोरी द्या.” कनवटीचे पैसे मोजून त्यांनी एक कोरी प्रत घेतली, आणि तीतही ‘मागे’ हा शब्द माझ्याकडून लिहवून घेतला.

उरलेल्या प्रती घरी आहेत. संध्याकाळी वेळ मिळेल तशी एकेक काढून त्या पानावर ती दुरुस्ती करीत असतो.