कापराची काजळी आणि अणुभट्टीतलं इंधन

मागच्या वेळी आपण फूरियेपाशी थांबलो होतो. प्रत्येक पदार्थाला उष्णतावाहकतेचा आपला एक आकडा असतो, इथवर आलो होतो. आज तो आकडा मोजायचा कसा, ते पाहू.

आधी त्याची गरज काय ते पाहू. तारापूरच्या पहिल्या अणुभट्ट्या १९६९ सालच्या. त्यांचं इंधन युरेनियम डायऑक्साइड, म्हणजे भट्टीत भाजलेल्या छोट्या गोळ्या, धातूच्या नळीत रचलेल्या. तांब्याची वाहकता ४००च्या घरात. या गोळीची साध्या तापमानाला ८, आणि हजार अंशांना ३च्या आसपास. समजा एक मीटर नळीत २० किलोवॅट उष्णता तयार होते. आकडा ३ धरला तर गोळीचा गाभा पृष्ठभागाहून सुमारे ५३० अंशांनी जास्त तापतो. २ धरला तर ८०० अंशांनी. एका आकड्याची चूक, आणि आत डोकावून तर कुणालाच बघता येत नाही!

जुनी रीत सरळ होती. एक टोक तापवा, दुसरं थंड ठेवा, सगळं स्थिर होईपर्यंत थांबा, मग किती उष्णता वाहिली ते मोजा. पण उष्णता बाजूंनी निसटते, आणि हजार अंशांना तर फारच निसटते. स्वीडनच्या ऑंगस्ट्रॉमनं १८६१ साली वेगळी वाट काढली. धातूच्या कांबीला आळीपाळीनं वाफ आणि थंड पाणी देऊन त्यानं उष्णतेच्या लाटा सोडल्या, आणि त्या पुढे सरकताना किती मागे पडतात, किती विरतात ते पाहिलं. किती उष्णता आत गेली, हा प्रश्नच उरला नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही जागा फार आवडते: उत्तर मिळत नव्हतं, तर त्यानं प्रश्न बदलला.

बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ साली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत पार्कर, जेन्किन्स, बटलर आणि अॅबट या चौघांनी याच विचाराला टोक आणलं. काही मिलिमीटर जाडीची चकती घेतली. पुढच्या बाजूला कापराची काजळी फासली (हो, कापराचीच), म्हणजे प्रकाश नीट शोषला जावा. त्यावर क्षणभर झगझगीत प्रकाश पाडला आणि मागच्या बाजूला थर्मोकपल लावून तापमान कसं चढतं ते ऑसिलोस्कोपवर टिपलं. तापमान एकूण वाढीच्या निम्म्यावर यायला किती वेळ लागला, एवढं मोजायचं. जाडीच्या वर्गाला त्या वेळानं भागा, ०.१३९नं गुणा, की उष्णता पदार्थात किती झटपट पसरते ते मिळालं. त्याला घनता आणि विशिष्ट उष्णता यांनी गुणलं की वाहकता हाती. दोन मिलिमीटरच्या तांब्याला पाच सहस्रांश सेकंद लागतात, तेवढ्याच युरेनियम डायऑक्साइडला जवळपास सेकंदाचा पाचवा हिस्सा. पुढे दिव्याच्या जागी लेसर आला, आणि नावही ‘लेसर फ्लॅश’ पडलं.

अणुइंधनवाल्यांना हे वरदानच होतं. किरणोत्सर्गी पदार्थाचा मोठा ठोकळा कोण हाताळणार? इथे जाड काचेआड, यांत्रिक हातांनी, छोटीशी चकती पुरते.

पण एक अडचण राहिली. वापरात असलेलं इंधन तेच राहत नाही. अणू फुटून नवी मूलद्रव्यं आत साठतात, स्फटिकाची रचना बिघडते, आणि वाहकता घसरत जाते. ताज्या गोळीचा आकडा काही वर्षांनी चालत नाही. म्हणून नॉर्वेतल्या हाल्डनच्या प्रायोगिक अणुभट्टीत गोळ्यांना मधोमध भोक पाडून थर्मोकपल थेट गाभ्यात बसवले, आणि इंधन जळत असतानाच वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या. ती अणुभट्टी २०१८ साली बंद झाली.