दूध न पचणं : आजार की माणसाचा स्वभाव?

“डॉक्टर, दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं. माझ्यात काय दोष आहे?” असं अनेक जण विचारतात. उत्तर देण्याआधी थोडा इतिहास पाहू.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटल्यानंतर, इतर सस्तन प्राण्यांप्रमाणेच, बहुतेक माणसांतही ते कमी होत जातं.

तरीही पाश्चात्त्य वैद्यकात मोठ्या माणसाला दूध पचणं हेच ‘नॉर्मल’ मानलं जाई, कारण पुस्तकं लिहिणारे बहुतेक उत्तर युरोपीय वंशाचे होते. १९६५-६६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. निरोगी कृष्णवर्णीय प्रौढांपैकी बहुतेकांत लॅक्टेज कमी निघालं, गोऱ्यांपैकी मात्र थोड्यांतच. पुढे इतर देशांतही पाहणी झाली. आज अंदाज असा, की जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत हे विकर कमी असतं.

२००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना दूध पचवू देणारा जनुकीय बदल सापडला. २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत वेगळेच बदल आढळले. भारतात प्रामुख्याने युरोपातलाच बदल दिसतो, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. जिथे गुरं पाळली आणि दूध प्यायलं गेलं, तिथे हे बदल काही हजार वर्षांत पसरले.

मग खरा मानवी स्वभाव कोणता? प्रत्येक जातीचं एक ठरलेलं सारतत्त्व असतं, हा विचार फार जुना. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथानंतर तो डळमळला, कारण उत्क्रांती चालते ती आपापसांतल्या फरकांवरच. तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी १९८६ मध्ये मांडलं, की सगळ्या माणसांत आणि फक्त माणसांतच असेल असा गुण जीवशास्त्रात शोधू नये. एदुआर मॅशेरी यांनी २००८ मध्ये उत्तर दिलं : उत्क्रांतीतून आलेले, बहुतेक माणसांत आढळणारे गुण म्हणजे मानवी स्वभाव. पण बहुतेकांत आढळतं तेच चांगलं, असं यातून निघत नाही. बहुमत मोजायचं, तर इथे दूध पचवणारेच अपवाद ठरतील!

म्हणून दूध सोसत नसेल तर स्वतःला कमी लेखू नका. दही-ताक अनेकांना चालतं. थोडं दूध जेवणासोबत घेऊन पाहा. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आहेतच. मात्र वजन घटणं, शौचातून रक्त जाणं किंवा सतत जुलाब असतील, तर ‘माझा स्वभावच असा’ म्हणून घरी बसू नका. तपासणी करून घ्या.