अंगमेहनतीचे काम आणि वारंवार दुखावणारा गुडघा

धान्यबाजारातील हमाल, इमारतीवरील गवंडी, फरशी बसवणारा कारागीर आणि ऊसतोडणी कामगार यांची कामे एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. गुडघ्याविषयी बोलताना मात्र त्यांची भाषा एकच होते. 'गुडघा सटकतो', 'पाय मध्येच सोडतो', 'वाटी सरकते' असे शब्द चौघांच्याही तोंडी असतात. वर्षातून दोन-तीन वेळा गुडघा सुजतो, चार दिवस काम बुडते, लेप लावला जातो, गोळी घेतली जाते, दुखणे ओसरते आणि पुन्हा ओझे पाठीवर येते. काही महिन्यांनी तोच गुडघा, बहुधा पूर्वीपेक्षाही किरकोळ कारणाने, पुन्हा दुखावतो. हा नशिबाचा भाग मानण्याची सवय जुनी आहे. प्रत्यक्षात या चक्रामागे ठरावीक शारीरिक कारणे असतात आणि त्यांतील बऱ्याच कारणांवर उपायही आहेत.

गुडघा हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. गुडघ्याला तशी खोबण लाभलेली नाही. मांडीच्या हाडाचे गोलाकार टोक नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकते आणि पुढून वाटी त्याला झाकते. साहजिकच या सांध्याचे स्थैर्य हाडांवर फारसे अवलंबून नसते. ते चार अस्थिबंध, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या आणि मांडीचे स्नायू यांनी सांभाळलेले असते. वैद्यकात मेनिस्कस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाद्यांच्या फक्त बाहेरच्या कडेला पुरेसा रक्तपुरवठा असतो. त्यामुळे कडेला पडलेली चीर कधी कधी आपोआप भरून येते. आतल्या भागातील चीर सहसा भरून येत नाही. सांध्याच्या मध्यभागी असणारा पुढचा अस्थिबंध पूर्ण तुटला, तर तोही आपोआप पूर्ववत जुळण्याची शक्यता कमी असते.

इजा बहुतेक वेळा सरळ उचलताना होत नाही, ती वळताना होते. गोणी पाठीवर आहे, पाऊल जमिनीत रोवलेले आहे आणि धड मात्र थप्पीच्या दिशेने फिरते. अशा क्षणी सारा पीळ गुडघ्यावर येतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना किंवा पावसाळ्यात बाजाराच्या निसरड्या आवारात पाऊल घसरताना हेच घडते. गवंड्याची आणि फरशी कारागिराची गोष्ट निराळी. त्यांचा गुडघा एका झटक्यात जात नाही. तासन्‌तास उकिडवे बसण्याने किंवा गुडघे टेकून काम करण्याने तो हळूहळू कुरतडला जातो. जिना चढता-उतरताना वाटीमागील सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट-चौपट दाब येतो. खोल उकिडवे बसून उठताना हा दाब सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. पाठीवरचे ओझे त्यात भर घालते. जमिनीवर बसण्याची रीत असलेल्या जपान व कोरियातील शल्यचिकित्सकांनी गादीचे मागचे मूळच उखडण्याच्या प्रकाराकडे विशेष लक्ष वेधले आहे. आपल्याकडील बैठकही त्याच जातीची आहे.

सूज केव्हा आली, हा तपशील डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. इजेनंतर दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचल्याचा संशय घेतला जातो आणि अस्थिबंध तुटल्याची किंवा हाड मोडल्याची शक्यता वाढते. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज बहुधा गादीच्या दुखापतीची असते. गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकला असण्याची शक्यता असते. तेथे लेप किंवा मालीश यांचा काहीही उपयोग नाही. चार पावलेही टाकता न येणे, गुडघा काटकोनात न वाकणे, वाटीवर बोट ठेवताच तीव्र कळ येणे यांपैकी काही असल्यास क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. पंचावन्न वर्षांवरील रुग्णात ही लक्षणे नसली तरी ती करतात. गुडघा गरम व लाल झाला असून तापही आहे, अशा वेळी एक दिवसही थांबणे धोक्याचे ठरते.

आता मूळ प्रश्न. तोच गुडघा पुन्हा पुन्हा का दुखावतो? सांधा सुजला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू लगाम घालते. रुग्णाची इच्छा असली तरी तो स्नायू पूर्ण जोराने आवळला जात नाही आणि दोन-तीन आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी रोडावते. सूज उतरते, वेदना थांबते. गेलेली ताकद मात्र आपोआप परत येत नाही. वेदना थांबणे आणि गुडघा कामाला तयार होणे या दोन घटनांमध्ये काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे अंतर असते. रोजंदारीवरचा माणूस नेमका या अंतरातच कामावर परततो. त्याच्या दृष्टीने दुखणे संपलेले असते, मुकादमाच्या दृष्टीनेही संपलेले असते आणि घरातील पिठाचा डबा तर त्याहून आधी रिकामा झालेला असतो. दुर्बल स्नायूंचा आधार असलेला सांधा पुढच्या निसटत्या पावलाला तोंड देऊ शकत नाही. दर वेळी सटकताना तो गादीचा आणि हाडांवरील कूर्चेचा थोडा भाग सोबत नेतो. चाळिशीत सुरू झालेली झीज पन्नाशीत माणसाला कामावरून उठवते, ती या वाटेने.

'दिवसभर ओझी उचलतो, आणखी कसला व्यायाम?' हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचे उत्तर सोपे आहे. शरीर दुखऱ्या पायाला नकळत वाचवते आणि भार चांगल्या पायावर टाकते. परिणामी कामाने चांगला पायच अधिक बळकट होतो. दुखऱ्या पायाला स्वतंत्रपणे कामाला लावावे लागते. सुरुवातीला गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत मांडी आवळणे, पाय सरळ ठेवून उचलणे; सूज ओसरल्यावर भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, टाचा उचलणे, बुटक्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे, अशी चढती श्रेणी भौतिकोपचारतज्ज्ञ शिकवतात. यासाठी यंत्रे लागत नाहीत. एकदा नीट शिकून घेतल्यावर घरच्या घरी, आठवड्यातून तीन-चार वेळा, किमान तीन महिने हे करावे लागते. पायरी उतरताना गुडघा आतल्या बाजूला कलत असेल, तर तो अद्याप तयार नाही असे समजावे. वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजून पाहण्याची रीतही उपयोगी आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे, याविषयीचे मत बदलले आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले; बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास विलंब लागू शकतो, असे पुढे त्यांनीच मान्य केले. वेदना कमी करण्यापुरता बर्फ जरूर लावावा, पण पाय आठवडाभर निश्चल ठेवू नये. ताज्या सुजेवर जोरकस मालीश किंवा शेक करून घेणे टाळावे.

वेदनाशामक गोळी घेऊन ओझे उचलणे ही तर सर्वांत महागडी काटकसर म्हणावी लागेल. डायक्लोफिनॅकसारखी औषधे सुजेवर गुणकारी आहेत. पण वेदना ही सांध्याची सूचना असते आणि गोळीमुळे तीच ऐकू येत नाही. शिवाय उन्हात घाम गाळून शरीरातील पाणी कमी झालेले असताना ही औषधे रोज घेतल्यास मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते आणि जठरात व्रण होऊ शकतात. औषधाच्या दुकानात लवचिक पट्टा सहज मिळतो. तो ऊब देतो, धीर देतो. तुटलेल्या अस्थिबंधाची जागा मात्र घेत नाही.

कामावर परतताना टोळीचे सहकार्य मोलाचे ठरते. टोळीत काम वाटून घेण्याची प्रथा असतेच. पहिले काही आठवडे गाडीवर चढण्याऐवजी खाली थप्पी लावणे, हातगाडी ओढणे, वजनकाट्यावर उभे राहणे अशी कामे दुखऱ्या माणसाकडे देता येतात. मात्रा ठरवण्याचा सोपा निकष म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ. गुडघा रात्रीतून सुजला असेल तर आदल्या दिवसाचे काम जास्त झाले. सुजला नसेल तर थोडे वाढवण्यास हरकत नाही. ओझ्यासह वळताना कमरेतून न फिरता लहान लहान पावले टाकून सगळे शरीर वळवावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. फरशी कारागिरांनी गुडघ्याखाली जाड स्पंज घ्यावा, दर थोड्या वेळाने उठून पाय मोकळे करावेत आणि जमेल तेथे बुटके स्टूल वापरावे.

शस्त्रक्रियेविषयी दोन्ही टोकांचे समज आढळतात. वयोमानाने फाटलेली गादी दुर्बिणीतून कापून काढण्याची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे सरसकट होत असे. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती लुटुपुटुच्या शस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही. तुटलेल्या पुढच्या अस्थिबंधाबाबत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत, आधी पद्धतशीर व्यायाम करून गरज भासल्यासच शस्त्रक्रिया केलेल्या तरुणांची दोन वर्षांनंतरची स्थिती लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांइतकीच होती. मात्र व्यायाम करूनही गुडघा सटकत राहिला, किंवा सांधा अडकत असला, तर शस्त्रक्रिया लांबवण्यात अर्थ नाही. फळीवर मोळी घेऊन चढणाऱ्यासाठी सटकणारा गुडघा म्हणजे पडून जिवावर बेतण्याचे निमित्त होय.

उरतो प्रश्न बुडालेल्या मजुरीचा. गुडघे टेकून केलेल्या श्रमाचा आणि झिजेचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम पाहणीने १९९१ मध्येच, गुडघे वाकवून कष्टाची कामे करणाऱ्या पुरुषांत झीज अधिक असल्याचे दाखवले होते. ब्रिटनने २००९ मध्ये कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याच्या झिजेला व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली आणि पुढे फरशी व गालिचे बसवणाऱ्यांनाही तिच्या कक्षेत घेतले. भारतातील व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत ही झीज नाही. त्यामुळे येथील कामगाराला भरपाई मागायची ती कामावर झालेल्या अपघाताचीच. १९२३ च्या भरपाई कायद्याने आणि १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने दिलेले हे संरक्षण २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहे. विमाधारकाला कामावरील इजेमुळे येणाऱ्या तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के, तर साध्या आजारपणात ७० टक्के लाभ मिळतो. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा व त्याखालील मंडळे आहेत. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला यांपैकी बहुधा काहीच लागू होत नाही.

संरक्षण असलेल्यांचाही दावा बहुतेकदा एका ठिकाणी अडतो. पहिल्या इजेची नोंदच नसते. पुढे गुडघा पाचव्यांदा दुखावतो तेव्हा 'जुनेच दुखणे' असा शेरा पडतो. म्हणून पहिल्याच वेळी मुकादमाला किंवा मालकाला त्याच दिवशी कळवणे, अपघात नोंदवहीत तारीख व वेळ लिहून घेणे आणि सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर 'काम करताना गोणीसह पाय मुरगळला' असे कारणासह नमूद करून घेणे आवश्यक ठरते. तो केसपेपर घरी जपून ठेवावा. पुढच्या वेळी डॉक्टरही पहिल्यांदा तोच मागतात.