हवेचा एक बुडबुडा आणि डिझेल इंजिनाचा इतिहास

१० ऑगस्ट १८९३ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांच्या प्रायोगिक इंजिनात पहिल्यांदा इंधन पेटले. सिलिंडरातील दाब सुमारे ८० बारपर्यंत चढला आणि तो मोजणारे उपकरणच फुटले. पुढे १७ फेब्रुवारी १८९७ च्या चाचणीत याच घराण्यातील इंजिनाने २६.२ टक्के कार्यक्षमता दाखवली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ही मोठी झेप होती. मात्र इतक्या दाबाविरुद्ध इंधन आत सोडायचे कसे, हा प्रश्न शिल्लक होता.

डिझेल यांनी त्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरला. त्याकरिता अवजड कॉम्प्रेसर लागे. मोटारगाडीत मावेल असा उपाय रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने दिला. १९२७ मध्ये तेथे इंधनपंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले. त्यातील प्लंजर आणि त्याचे नळकांडे यांच्यामधील फट काही मायक्रॉनच असते. तेथे रबरी सील नसते. घडणीतील अचूकता हेच सील.

महाराष्ट्रात हे यंत्र शेतातून रुजले. सातारा रोड येथील कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन घडवले, तर १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. दक्षिणेत १९४८ साली स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँड झाले. विहिरीवरच्या पंपापासून टी. नगरच्या गजबजलेल्या बसस्थानकापर्यंत मेकॅनिकांसमोर दोष मात्र एकच येई : ‘इंजिनाने एअर घेतली.’

या बोलीतल्या निदानामागे नेमके भौतिकशास्त्र आहे. पाच अश्वशक्तीचे इंजिन एका फवाऱ्यात साधारण २५ घनमिलिमीटर डिझेल घेते. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून प्लंजर सरकताच दाब वाढून नोझल उघडते. पण नळीत तेवढ्याच आकारमानाचा हवेचा बुडबुडा असेल, तर २०० बार दाबाला तो सुमारे दोनशेपट आक्रसतो. प्लंजरचा सारा रेटा बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. नोझल उघडत नाही आणि इंजिन बंद पडते. ऐन पाळीच्या वेळी इंजिन बंद पडले, तर उभे पीक तहानलेले राहते.

येथे गळती शोधणाऱ्याची एक फसगत होते. पंपानंतरच्या भागात दाब वातावरणापेक्षा जास्त असल्याने डिझेल बाहेर ठिबकते व दिसते. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत मात्र दाब कमी असू शकतो. तेथील झिजलेला वॉशर किंवा चिरलेली नळी थेंबभरही डिझेल सांडत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढते. म्हणूनच कोरडा दिसणारा सांधा निर्दोष ठरत नाही. तात्पुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे दिसतात आणि दोष टाकीच्या बाजूला असल्याचे कळते. एअर काढूनही ती पुनःपुन्हा येत असेल, तर दोष अजून तेथेच असतो.

१९९७ मध्ये बॉशची कॉमन रेल प्रणाली १३५० बार दाबासह मोटारींत आली. आजच्या प्रणाली २००० बारच्याही पुढे गेल्या आहेत. त्यामुळे गळतीची तिसरी जात पुढे आली. झिजलेल्या इंजेक्टरमधून डिझेल बाहेर सांडत नाही. परतीच्या नळीने निमूट टाकीकडे जाते. रेलमध्ये किमान दाब साधत नाही आणि नियंत्रक इंधन सोडण्याचे नाकारतो. संगणक ‘दाब कमी’ एवढेच सांगतो. कारण सांगत नाही. तेव्हा प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी स्वतंत्र बाटलीत सोडतात. सर्वांत लवकर भरणारी बाटली दोषी इंजेक्टरकडे बोट दाखवते. ही तुलना न करता महागडा पंप बदलला, तर खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

जुन्या पिढीची एक सवय मात्र आता जिवावर बेतू शकते : चालू इंजिनावर हात फिरवून गळती चाचपण्याची. हजार बारहून अधिक दाबाचा केसासारखा झोत कातडी भेदून डिझेल आत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. इंजिन बंद करून, दाब उतरेपर्यंत थांबूनच सांध्याला पाना लावावा.