वेदनाशमन : नैतिक व सांस्कृतिक प्रश्न (नांदेड–लातूर)

रुग्णाची वेदना ओळखून ती कमी करताना कर्तव्य, संमती व लोकरूढी यांविषयी निर्माण होणारे प्रश्न. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचे विवेकानंद रुग्णालय (स्थापना १९६६) ही या भागातील महत्त्वाची उपचारकेंद्रे. दुखणे भोग मानून सोसणे, बायकांनी कळा लपवणे, कर्करोगाचे निदान नातेवाइकांनी रुग्णाला न सांगणे, या रीतींमुळे वेदनेची तीव्रता डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. या सीमाभागात मराठीबरोबर उर्दू, तेलुगू व कन्नडही बोलल्या जात असल्याने विचारपूस रुग्णाच्या भाषेत व्हावी लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरील औषध दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी नियम सुलभ झाले. मॉर्फिनच्या व्यसनाच्या भीतीपोटी मरणासन्न रुग्णाला तळमळत ठेवणे अनैतिक होय.