धाव

टायर आणि मुसलमान हे दोन शब्द एका वाक्यात आले की हल्ली पुढचं वाक्य ठरलेलं असतं. पंक्चरवाले! सोशल मीडियावर हा टोमणा इतक्यांदा वाचलाय की आता राग येत नाही. आता फक्त चाचांचं दुकान आठवतं.

पेणकडून येणारा रस्ता वडखळला फुटतो. एक फाटा अलिबागला जातो, दुसरा नागोठण्यावरून पुढे गोव्याकडे. त्या नाक्याच्या अलीकडे चाचांची पत्र्याची शेड होती. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला पाण्याचा टब, जॅक, टॉमी आणि हवेचा पंप, एवढाच पसारा. चाचा आधी टायरवरून तळहात फिरवायचे आणि मग बोलायचे. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरता. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असते. एकच बाजू खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. गाडीच्या मालकाला माहीत नसलेली गोष्ट त्या हाताला कळायची.

परवा रोह्याहून भाच्याचा फोन आला. तो धाटावच्या एमआयडीसीत नोकरी करतो. त्याने जुनी हॅचबॅक घेतलीय आणि आता पुण्याकडच्या ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं डोक्यात आहे. इंटरनेटवरून त्याने टायरांची भलीमोठी तुलना काढली होती. योकोहामाचा ए-०५२, ब्रिजस्टोनचा आरई-७१, हँकूकचा आरएस-४, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट. “मामू, तुम्ही इतिहासवाले. सांगा, यातला सर्वांत चांगला कोणता?”

इतिहासवाल्याला विचारलंय, तर उत्तर इतिहासातूनच द्यावं लागेल.

मराठीत बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीला ‘धाव’ म्हणतात. लोहार ती तापवून लाल करायचा, लाकडी चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की चाक आवळलं जायचं. ही धाव वर्षानुवर्षं टिकायची. पण तिची जमिनीवर पकड काहीच नसते आणि तशी गरजही नसते, कारण बैलगाडीत ओढणं, वळणं आणि थांबणं ही सगळी कामं बैलांच्या खुरांची. चाकाने फक्त घरंगळायचं. आपल्या रायगडच्या किनाऱ्यांवर ओल्या वाळूत शर्यती होतात, तिथेही पकड असते ती खुरांची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली. या सगळ्या काळात चर्चा झाली ती बैलांची. धावेबद्दल कुणीच बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मोटार आली आणि हे उलटलं. आता चाकानेच ओढायचं, त्यानेच वळायचं, त्यानेच थांबायचं. लोखंडाला ते जमेना. भरीव रबर आलं, त्यानंतर हवा भरलेलं. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते पुन्हा शोधलं.

जून १८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी सुमारे ११८० किलोमीटरची मोटार शर्यत झाली. त्यात मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर लावलेली गाडी उतरवली. वाटेत पंक्चर, पुन्हा पंक्चर. सर्वांत आधी पोचला तो एमिल लव्हासोर, तोही भरीव रबराच्या टायरांवर, ४८ तास ४८ मिनिटांत. मिशेलिनची गाडी ठरलेल्या वेळेत आली नाही, पण पोचली. काही वर्षांतच भरीव टायर शर्यतींतून गेले. मोटारीवर हवेच्या टायरचा इतिहास सुरू झाला तो असा, रस्त्याकडेला बसून पंक्चर काढणाऱ्या दोन फ्रेंच कारखानदारांपासून. पुढच्या वेळी टोमणा ऐकला की हे आठवा.

योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा भावे जन्मले. पुढे त्यांनी सारा देश पायी पालथा घातला. त्यांना हा प्रश्न कधी पडला नाही.

आपल्याला पडतो. मोटारीचा एक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. चार तळहातांवर हजार किलोची गाडी. रबर मऊ केलं तर ते रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं आणि पकड वाढते, पण झीजही वाढते. कडक केलं तर टिकतं, पण घसरतं. नक्षी खोल ठेवली तर पाणी बाहेर जातं, पण कोरड्या वळणावर नक्षीचे ठोकळे वाकतात. नक्षी काढून टाकली तर कोरड्यावर पकड भरपूर आणि ओल्यावर काहीच नाही. १९७१ साली फॉर्म्युला वनमध्ये गुळगुळीत स्लिक टायर आले ते याच हिशोबाने. गेल्या शंभर वर्षांत रबरात काजळी मिसळली, १९४६ मध्ये मिशेलिनने रेडियलचं पेटंट घेतलं, १९९२ नंतर सिलिका आली आणि ओल्यावरची पकड सुधारली. प्रत्येक शोधाने ही ओढाताण थोडी सैल केली, पण ती संपवली कुणीच नाही. म्हणून ‘सर्वांत चांगला टायर’ असं काही नसतं. आधी कुठला रस्ता ते विचारायचं, मग टायर.

आता भाच्याची यादी. ती अमेरिकन होती. तिथलं ऑटोक्रॉस म्हणजे डांबरी वा काँक्रीटच्या पटांगणात शंकू मांडून एकेकट्याने मारलेली मिनिटभराची फेरी. टायर तापायला वेळच नसतो. तिथे ए-०५२ सारखा टायर पुढे असतो, कारण तो थंड असतानाच चिकटतो. ट्रॅक डेला पंधरा-वीस मिनिटं सलग फेऱ्या मारायच्या. तिथे तोच टायर तापून ढेपाळतो आणि आरएस-४ सारखा थोडा कमी पकडीचा पण उष्णता सोसणारा टायर दिवस काढतो. तिथल्या स्पर्धांत गेल्या दशकात एक अट रूढ झाली की टायरवरचा झिजेचा आकडा किमान २०० हवा. तो आकडा ठरतो टेक्सासच्या रस्त्यांवर सुमारे ११,६०० किलोमीटर गाड्या पळवून, एका प्रमाण टायरच्या तुलनेत. प्रमाण टायर १००, त्याच्या दुप्पट टिकेल तो २००. पण छापायचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० सारखा असेलच असं नाही.

पण मूळ घोटाळा वेगळाच होता. आपल्याकडे बहुतेक ऑटोक्रॉस मातीच्या मैदानात होतात. यादीतला एकही टायर मातीचा नव्हता. मातीला उघडी, जाड ठोकळ्यांची नक्षी आणि दगड सोसणारी मजबूत बाजू लागते. असे रॅलीचे टायर आपल्याच देशात बनतात. १९४६ मध्ये मद्रासजवळ फुगे बनवण्यापासून सुरू झालेल्या एमआरएफच्या टायरांवर २०२२ ची युरोपियन रॅली स्पर्धा जिंकली गेली. शब्द एकच, ऑटोक्रॉस, पण जमीन दोन. भाचा सत्तर-ऐंशी हजार रुपये चुकीच्या जमिनीवर घालणार होता.

शर्यतीच्या जगातून मला टायरपेक्षाही मोठी वाटलेली गोष्ट दुसरी आहे. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू केली. पुढे ते आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे पंच झाले. १२ जुलै १९९८ ला सिल्व्हरस्टोनवर ब्रिटिश ग्रां प्री होती, भर पावसात. हक्किनेन आघाडीवर असताना ओल्या ट्रॅकवर घसरला आणि शुमाकर पुढे गेला. त्याआधी शुमाकरने सेफ्टी कार असताना एका गाडीला मागे टाकलं होतं. त्याची शिक्षा पंचांनी कळवली, पण नियमातल्या २५ मिनिटांच्या मुदतीनंतर. शिक्षा रद्द झाली, शुमाकरचा विजय कायम राहिला. त्यानंतर महासंघाच्या खास बैठकीत तिन्ही पंचांनी आपले परवाने परत केले. हुसेन त्यांपैकी एक होते. मुदत चुकली काही मिनिटांनी.

२००५ साली इंडियानापोलिसला मिशेलिनने शर्यतीआधीच सांगितलं की तिथल्या तिरप्या वळणावर आमचे टायर सुरक्षित नाहीत. तिच्या टायरांच्या १४ गाड्या शर्यत सुरू व्हायच्या आधीच आत वळल्या आणि सहाच गाड्या धावल्या. प्रेक्षक चिडले, कंपनीने तिकिटांचे पैसे दिले. नामुष्की झाली, पण त्या वळणावर कुणी मेलं नाही.

आता आपल्या रस्त्याकडे या. पेण ते रोहा हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाजूला खारजमीन आणि मिठागरं. गणपतीच्या आधी पेणच्या मूर्ती घेऊन टेम्पो याच दिवसांत निघतात, आणि त्यांतल्या कितीतरी टेम्पोंचे टायर गोटा झालेले असतात. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासाने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून हिशोब मांडला, की साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला जमीन सोडून तरंगू लागतो. ३२ पौंड हवेला तो वेग निघतो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास. मोटारीचा टायर गोटा असेल तर त्याच्या कितीतरी आधी. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. ट्रॅकचे टायर मुळातच उथळ नक्षीचे, म्हणजे ते लावून जुलैत वडखळवरून रोह्याला परतणं हा जुगार आहे.

आणि तरंगायला पाणी लागतं, ते साचतं कुठे? खड्ड्यात. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटून गेलं तरी पुरं झालं नव्हतं. किती मुदती जाहीर झाल्या, किती चुकल्या, याची मोजदाद लोकांनी सोडली. इथे चुकलेल्या मुदती वर्षांच्या आहेत. अपघातानंतर आपण विचारतो की ड्रायव्हर कसा होता, टायर कसा होता. ते विचारलंच पाहिजे. पण या रस्त्यासाठी कुणी आपला परवाना परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं. रोजच्या गाडीला ओल्यावर पकड देणारा, खोल नक्षीचा साधा चांगला टायर लाव आणि दर पंधरवड्याला हवा तपास. मातीच्या स्पर्धेसाठी जुन्या रिमवर रॅलीचे वेगळे टायर चढवून ने, तिथेच बदल, तिथेच उतरव. थोडा हिरमुसला. “म्हणजे मामू, यादीतला एकही नाही?”

“यादीतले सगळे चांगले आहेत,” मी म्हटलं. “तुझा रस्ता त्यांच्या यादीत नाही.”

चाचांची शेड रुंदीकरणात गेली. चाचाही गेले. परवा वडखळवरून जाताना मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि चारही टायरांवरून तळहात फिरवला. मागचा डावा आतल्या बाजूने खाल्ला होता. रोह्याला पोचल्यावर आधी अलाइनमेंट करून घेतलं आणि मग बहिणीच्या घरी गेलो.